पहिला भाग ३.६२, दुसरा ३.९०: मालिकेवरची वाचकांची मतं कशी वाचायची

वार्षिक परीक्षा संपल्या की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली पाठ्यपुस्तकांची झुंबड जरा ओसरते आणि इंग्रजी कादंबऱ्यांच्या मांडणीपुढे सोळा-सतरा वर्षांची मुलंमुली रेंगाळू लागतात. एका हातात जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठावर मुकुट, खंजीर नाहीतर काटेरी वेल. दुसऱ्या हातात मोबाइल. शेजारी उभी असलेली आई विचारते, "चांगलंय का गं?" मोबाइलवर वाचकांनी पाचपैकी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी बघून उत्तर येतं, "चार पॉइंट वन आहे."

या उत्तरातून जवळजवळ काहीच कळत नाही. भागाला साडेचारशे रुपये धरले तरी चार भागांच्या मालिकेचे अठराशे होतात, शिवाय वाचायला लागणारे तास वेगळे. त्यामुळे त्या ४.१ च्या आत काय दडलंय हे बघण्यात वीस मिनिटं घालवली तर ती वाया जात नाहीत. फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

आधी नावाचा घोळ. या पुस्तकांना 'यंग ॲडल्ट' किंवा नुसतं 'वायए' म्हणतात. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेत हा वयोगट १२ ते १८ धरतात. मराठीत याला सरळ 'किशोर साहित्य' म्हटलं जातं आणि तिथेच पहिली गफलत होते. 'किशोर' म्हटलं की आपल्याला बालभारतीचं १९७१ पासून निघणारं मासिक आठवतं, म्हणजे शाळकरी मुलांचं, घरात कुणीही उचलून वाचावं असं. वायए फँटसी-रोमान्समधली, म्हणजे जादूच्या जगातल्या प्रेमकथेतली, नायिका बहुतेक वेळा सोळा ते अठराची असते. तिच्या हातून माणसं मरतात, राज्यं उलथतात आणि ती प्रेमात पडते. आपल्याकडच्या कपाटात बाल, कुमार आणि मग थेट मोठ्यांची पुस्तकं. मधला खण नाही. म्हणून काही दुकानांत ही पुस्तकं परीकथांच्या शेजारी लागतात आणि घरी गेल्यावर पालकांचे डोळे विस्फारतात.

मिसळीची दुसरी प्लेट

एका मालिकेच्या पहिल्या भागाला सरासरी ३.६२ तारे आहेत, दुसऱ्याला ३.९०. म्हणजे दुसरा भाग जास्त चांगला?

मिसळीच्या दुकानात दुसरी प्लेट मागवणाऱ्या माणसाला "मिसळ कशी आहे?" विचारलं तर तो काय सांगणार? ज्याला आवडली नाही तो पहिल्या प्लेटीवरच हात धुऊन, पैसे देऊन गेलाय. त्याला विचारणार कोण?

आकड्यांत बघू. हे आकडे कल्पित आहेत, पण हिशेब खरा आहे. पहिला भाग १०० जणांनी वाचला. ३० जणांनी पाच तारे दिले, ३० जणांनी चार, २० जणांनी तीन, १२ जणांनी दोन आणि ८ जणांनी एक. एकूण तारे १५० + १२० + ६० + २४ + ८ = ३६२, सरासरी ३.६२. आता दुसऱ्या भागाकडे कोण वळलं? पाच तारेवाले तीसच्या तीस, चारवाल्यांपैकी २४, तीनवाल्यांपैकी ६. बाकीचे गळाले. उरले ६० जण. या साठ जणांनी दुसऱ्या भागालाही पहिल्याइतकेच तारे दिले तर बेरीज १५० + ९६ + १८ = २६४, सरासरी ४.४०. पण समजा, दुसरा भाग खरोखरच घसरलाय आणि साठांपैकी तीस जणांनी प्रत्येकी एक तारा कमी दिला. बेरीज २३४, सरासरी ३.९०.

म्हणजे निम्म्या वाचकांना दुसरा भाग कमी आवडला, एकालाही जास्त आवडला नाही, तरी सरासरी ०.२८ ने वर गेली. मालिकेच्या पुढच्या भागांचे तारे चढते दिसतात त्यामागे बऱ्याचदा हीच गळती असते. लेखिकेचा हात सुधारलाय असं त्यावरून ठरवू नये.

यावरून दोन गोष्टी हाताशी येतात. एक, सरासरीपेक्षा तारे देणाऱ्यांची संख्या बघावी. पहिल्या भागाला किती जणांनी तारे दिलेत आणि दुसऱ्याला किती, हे प्रमाण मालिकेची पकड सांगतं. तुलना करताना दुसरा भाग येऊन निदान वर्ष झालेलं असावं. परवा आलेल्या पुस्तकाची संख्या कमी असणारच. दोन, एवढी चाळणी लागूनसुद्धा शेवटच्या भागाची सरासरी पहिल्याच्या खाली गेली असेल, तर ते गंभीरपणे घ्यावं. तिथे तक्रार करणारे सगळे मालिकेचे चाहतेच आहेत, परके केव्हाच निघून गेलेत.

तीन तारे म्हणजे नापास नव्हे

गुडरीड्स हे संकेतस्थळ म्हणजे वाचकांच्या मतांचं सर्वांत मोठं ठिकाण. ते २००७ साली सुरू झालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलं. मालक एकच असला तरी दोन्हीकडे ताऱ्यांचा अर्थ सारखा नाही. गुडरीड्सवर प्रत्येक ताऱ्याला शब्द जोडलेला आहे: एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक वाटलं, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं, पाच म्हणजे अफाट. मधला तारा आवडल्याचा आहे. खरेदीच्या संकेतस्थळावर मात्र आपण मिक्सर किंवा चप्पल घेताना तीन ताऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तीच सवय पुस्तकांना लागते. पुण्यात ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणायची पद्धत आहे. पाचातले तीन तारे बरोबर तेवढेच. गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही, त्यामुळे साडेतीन द्यायचं मनात असलेला वाचक 'खरं तर साडेतीन' असं लिहून तीन नाहीतर चार देतो. स्टोरीग्राफ नावाच्या संकेतस्थळावर पाव ताऱ्यापर्यंत सोय आहे.

सरासरीखाली पाच आडव्या पट्ट्या असतात, त्या उघडून बघाव्यात. पुन्हा १०० वाचक घ्या. 'अ' पुस्तकाला १० जणांनी पाच, ५० जणांनी चार, ३० जणांनी तीन आणि १० जणांनी दोन तारे दिले: सरासरी ३.६०. 'ब' पुस्तकाला ५० जणांनी पाच, मग चार, तीन आणि दोन तारे प्रत्येकी १० जणांनी, आणि एक तारा २० जणांनी: सरासरी तीच, ३.६०. 'अ' बहुतेकांना बरं वाटेल. 'ब' एकतर डोक्यावर घ्याल किंवा भिंतीवर आपटाल. फँटसी-रोमान्समध्ये 'ब' सारखी दुटोकी पट्टी नेहमीची, कारण अनेकदा वाद लिखाणाच्या दर्जापेक्षा नायकाच्या वागण्यावर असतो. रागीट, गूढ, नायिकेला न विचारता तिच्यासाठी निर्णय घेणारा नायक काहींना मोहक वाटतो, काहींना त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते. अशा पुस्तकाची सरासरी काढणं म्हणजे एक पाय बर्फात आणि एक शेगडीवर ठेवलेल्या माणसाचं सरासरी तापमान सांगणं.

तक्रारींचा शब्दकोश

मतांमध्ये तेच तेच शब्द येतात. त्यांचा नेमका अर्थ कळला तर तक्रारीतून पुस्तक दिसू लागतं.

'स्लो बर्न' म्हणजे मंद आचेवर शिजणारं प्रेम. पहिला स्पर्शसुद्धा तीनशेव्या पानावर. कुणी याला 'काहीच घडत नाही' म्हणून दोन तारे देतो, कुणी यासाठीच पाच. 'इन्स्टा-लव्ह' त्याच्या उलट: तिसऱ्या प्रकरणात नजरानजर आणि चौथ्यात तिच्यासाठी जीव द्यायची तयारी. 'एनिमीज टू लव्हर्स' म्हणजे आधी हाडवैर, मग प्रेम. इथली नेहमीची तक्रार अशी की वैर खोटं होतं. दोघं फक्त एकमेकांना टोमणे मारत होते. ही तक्रार दिसली तर ताडून बघा: त्याने तिचं किंवा तिने त्याचं खरोखर काही नुकसान केलंय का? केलं असेल तर पुढे माफीचा प्रश्न येतो आणि वाचक त्यावर भांडतात. केलं नसेल तर पुस्तक हलकंफुलकं आहे.

'इन्फो-डंप' म्हणजे राज्याचा इतिहास, वंशावळ, जादूचे नियम हे सगळं पहिल्या पन्नास पानांत पोत्याने ओतणं. नकाशा आणि शब्दसूची असलेल्या पुस्तकांत ही तक्रार जास्त दिसते. 'वर्ल्डबिल्डिंग', म्हणजे काल्पनिक जगाची रचना, 'कच्चं' असं कुणी म्हटलं तर पुढचं वाक्य वाचा. जादूला किंमत आहे की नाही, म्हणजे ती वापरली की काही गमवावं लागतं का, ती कुणाला येते आणि कुणाला नाही, याचं उत्तर पुस्तकात नसेल तर शेवटची लढाई फुसकी ठरते. नायिकेला ऐन वेळी नवी शक्ती सापडते आणि सगळं मिटतं. ही तक्रार तीन-चार वेगवेगळ्या वाचकांनी केली असेल तर ती खरी धरावी. रोमान्ससाठी वाचणाऱ्याला तिचं सोयरसुतक नसेल, ही गोष्ट वेगळी.

'डीएनएफ' म्हणजे अर्धवट सोडलं. सोबत बहुधा टक्केवारी असते आणि ती फार उपयोगाची. ४२० पानांच्या पुस्तकात 'डीएनएफ १२ टक्के' म्हणजे पन्नासाव्या पानाच्या आसपास: भाषा किंवा निवेदन जमलं नाही. ३५ टक्क्यांना, म्हणजे दीडशे पानांच्या आत-बाहेर, सोडणारा बहुतेक कथानक पुढे सरकत नाही म्हणून सोडतो. ७० टक्क्यांना सोडणारा चिडलेला असतो. त्याचं मत जरूर वाचा, कारण इतकं वाचून पुस्तक टाकायला तसंच ठोस कारण लागतं.

आणि 'नायिका बालिश वागते'. ही तक्रार वाचताना लिहिणाऱ्याचं वय मनात धरा. २०१२ मध्ये बोकर या ग्रंथव्यवसायाची आकडेवारी ठेवणाऱ्या संस्थेने अमेरिकेतल्या खरेदीदारांची पाहणी केली, तेव्हा वायए पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के जण अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यातही ३० ते ४४ वयाचा गट सर्वांत मोठा. ही मंडळी मुलांसाठी नाही, बहुतांशी स्वतःसाठीच घेत होती. पस्तिशीतल्या वाचकाला सतरा वर्षांची मुलगी आततायी वाटणारच. सतरा वर्षांच्या वाचकाला तीच मुलगी खरी वाटते. दोघांचे तारे एकाच सरासरीत मिसळलेले असतात.

दुसरा भाग का रखडतो

मालिकेबद्दल सर्वांत जास्त नाराजी मधल्या भागावर असते. त्याला इंग्रजीत 'मिडल बुक सिंड्रोम' म्हणतात. हा दोष लेखिकेच्या आळसापेक्षा गोष्टीच्या बांधणीतून येतो, म्हणून जरा थांबून बघण्यासारखा आहे.

फँटसी-रोमान्समध्ये दोन गोष्टी एका दोरीला बांधलेल्या असतात. एक युद्धाची: राजा, शाप, बंड, जे काही असेल ते. दुसरी दोघांची. तीन भागांच्या मालिकेत युद्धाला साधारण बाराशे पानं लागतात, सैन्यं हलवायची असतात, फितुरी घडवायची असते. प्रेमाला तेवढी पानं लागत नाहीत. ओळख, ओढ, कबुली हा प्रवास चारशे पानांत, म्हणजे पहिल्याच भागात, संपत येतो. मग उरलेली आठशे पानं दोघांनी करायचं काय? सुखाने नांदणारं जोडपं कादंबरीला चालत नाही. म्हणून दुसऱ्या भागात त्यांना तोडावं लागतं, आणि तोडायचे मार्ग मोजकेच: एकाला कैद करणं, एकाने दुसऱ्याच्या भल्यासाठी काहीतरी लपवणं, तिसरा माणूस आणणं, स्मृती घालवणं, नाहीतर नायकाला संशयास्पद करणं.

यात लपवाछपवीचा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि वाचकांना सर्वांत जास्त चीड त्याचीच. 'मिसकम्युनिकेशन' हा शब्द मतांमध्ये दिसला की समजावं की दोघं समोरासमोर बसून दोन वाक्यं बोलली असती तर दोनशे पानं वाचली असती. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांवर वाढलेल्या वाचकाला हे लगेच ओळखू येतं. कैदेचा किंवा प्रवासाचा मार्ग घेतला तर दोघं एकत्र दिसत नाहीत, मग रोमान्ससाठी आलेले वाचक तारे कापतात. तिसरा माणूस आणला तर त्याचा स्वतंत्र पंथ उभा राहतो आणि शेवटच्या भागात नायिका ज्याला निवडत नाही त्याचे समर्थक एकगठ्ठा एक तारा देतात.

दोन भागांच्या मालिका, इंग्रजीत 'ड्युओलॉजी', याच कारणाने बऱ्या ठरतात; त्यांना मधला भागच नसतो. पहिल्यांदा या प्रकाराकडे वळणाऱ्याने पाच भागांच्या महाकाय मालिकेऐवजी दोन भागांची घ्यावी.

शेवटावरची भांडणं दुसऱ्याच मुळाची असतात. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेने रोमान्सची जी व्याख्या केली, तिच्यात दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. फँटसीला असं बंधन नाही. तिथे मुख्य पात्र मेलं तरी वाचक डोळे पुसून पाच तारे देतो. म्हणून शेवटच्या भागात दोघांपैकी एक दगावलं की पट्टी दुटोकी होते. 'फसवणूक' म्हणणारे रोमान्सच्या कपाटातून आलेले असतात, 'धाडसी' म्हणणारे फँटसीच्या. पुस्तक एकच, पण दोघांनी वेगवेगळं पाकीट समजून उघडलेलं.

वय वाढतं, पाटी तीच राहते

पालकांना एकच हवं असतं: यात 'तसलं' किती आहे? थेट सांगायची लाज वाटते म्हणून वाचकांनी खुणा केल्या आहेत. 'क्लोज्ड डोअर' किंवा 'फेड टू ब्लॅक' म्हणजे खोलीचं दार लागलं आणि प्रकरण संपलं. 'स्पाइस' म्हणजे उघड शरीरसंबंधांची वर्णनं. ती एक ते पाच मिरच्यांत मोजतात. पुणेकर घरात तीन मिरच्यांना जेवढा ठसका लागेल तेवढा कुठल्याशा समुद्रापारच्या वाचकाला लागत नाही, तेव्हा त्या आकड्यात एक मिळवूनच बघावं.

इथली मोठी चूक म्हणजे फक्त पहिल्या भागाची मतं बघून मालिका सोपवणं. मालिका पुढे सरकते तसं पात्रांचं वय वाढतं आणि मजकूरही. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका २०१५ मध्ये वायए म्हणून सुरू झाली. २०२० मध्ये तीच नव्या मुखपृष्ठांसह मोठ्यांची म्हणून पुन्हा बाजारात आणली गेली. जुन्या मतांत तिला वायए म्हटलेलं अजूनही सापडतं. म्हणून आशयाची चौकशी नेहमी शेवटच्या प्रकाशित भागाच्या मतांत करावी. स्टोरीग्राफवर प्रत्येक पुस्तकाखाली वाचकांनी नोंदवलेल्या आशय-सूचना असतात: हिंसा, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, आणि त्या किती प्रमाणात. कॉमन सेन्स मीडिया ही ना-नफा संस्था पुस्तकागणिक वय सुचवते. तिचे निकष अमेरिकन आहेत, पण निदान कशाकशाचं वर्णन आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

तारीख बघा

पुस्तक दुकानात यायच्या काही महिने आधी प्रकाशक आगाऊ प्रती वाटतात. त्यांना 'एआरसी' म्हणतात. त्या फुकट मिळतात आणि मागणाऱ्याला मुळातच तो प्रकार आवडत असतो. खोटं लिहितात असं नाही, पण चाळणी इथेही लागलेलीच असते. प्रकाशनाआधीच्या तारखेची मतं म्हणजे लग्नाआधी वरपक्षाने केलेलं वर्णन समजावं. पहिल्या महिन्यात धावून येतात ते लेखिकेचे जुने चाहते. खरी सरमिसळ होते ती नंतर, विशेषतः २०२० नंतर 'बुकटॉक'वरच्या, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकप्रेमींच्या, छोट्या चित्रफिती पाहून पुस्तक उचलणाऱ्यांमुळे. त्यातले बरेचजण या प्रकारचं पहिलंच पुस्तक वाचत असतात. त्यांना जे नवं वाटतं ते मुरलेल्या वाचकाला शिळं वाटतं.

गुडरीड्सवर न छापलेल्या पुस्तकालाही तारे देता येतात, आणि याचा गैरवापर झालेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका नवोदित फँटसी लेखिकेने खोटी खाती काढून इतर नवोदितांच्या पुस्तकांना एक तारा आणि स्वतःच्या आगामी पुस्तकाला पाच तारे दिल्याचं उघड झालं. प्रकाशकाने तिचं पुस्तकच रद्द केलं. त्यामुळे एकही वाक्य न लिहिता दिलेले एक किंवा पाच तारे, आणि तेही एकाच आठवड्यात झुंडीने आलेले, सरळ बाजूला ठेवावेत.

कागदाची तक्रार गोष्टीच्या नावावर

विक्रीच्या संकेतस्थळावरच्या एक-तारा मतांत बरंचसं भांडण पुस्तकाशी नसतंच: कोपरा दुमडला, पॅकिंग फाटकं, अक्षर बारीक. अनेक ठिकाणी हार्डबॅक, पेपरबॅक आणि श्राव्य पुस्तक यांची मतं एकाच खात्यात जमा होतात, म्हणून निवेदिकेचा आवाज न आवडल्याचा तारा कागदी प्रतीलाही कापला जातो.

याहून फसवी आहे ती पदपथावरच्या चोरछाप प्रतींची गोष्ट. मुखपृष्ठावरची उठावाची सोनेरी अक्षरं बोटाला सपाट लागली, कागदातून मागचा मजकूर दिसला, समास पानागणिक हलला, तर प्रत छापील नव्हे, ढापील आहे. पुस्तक बहुधा १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र दुमडलेल्या जुड्यांत, बांधलेलं असतं. चोरछाप प्रतीत एखादा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. आठ फर्मे झाले की १२८ पानं होतात. नववा गळला तर १२८ नंतर थेट १४५. वाचणारा बिचारा लिहितो, 'प्रसंग अचानक तुटतात, लेखिकेला जोडता येत नाही'. दोन तारे. प्रत उचलल्यावर फर्म्यांच्या सांध्यांवर, म्हणजे १६, ३२, ४८, ६४ अशा दर सोळा पानांनंतर, पृष्ठक्रमांक चाळून बघायला अर्धं मिनिट लागतं. लकडी पुलापाशी जुनी पुस्तकं चाळतानाही हे करावं, तिथे अस्सल प्रतींतही पानं सुटलेली असतात.

मालिका जमवणाऱ्यांची आणखी एक रास्त तक्रार आहे. नवा भाग आधी मोठ्या आकारात, साधारण २३ सेंटिमीटर उंचीचा येतो. छोटी, २० सेंटिमीटरची आवृत्ती नंतर. घाई केली की कपाटात पहिले दोन भाग बुटके आणि तिसरा लंबू. मध्येच मुखपृष्ठं बदलली तर संपलंच. याला तारे कापावेत का? नाही. पण पैसे आपले आहेत, तेव्हा खरेदीआधी दोन्ही भागांच्या आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख-क्रमांकावरून, आवृत्ती जुळते का ते बघून घ्यावं.

वीस मिनिटांत

पहिल्या भागाचं गुडरीड्सवरचं पान उघडा आणि पाच-तारा मतं सोडून तीन-तारा मतं वाचा, पाच-सहा तरी. पुणेरी पाटीसारखा त्यांचा गुण असतो: प्रेमही नाही, राग नाही, फक्त काय खटकलं ते. त्यातली समान तक्रार कागदावर लिहा. मग स्वतःला विचारा, हा दोष आपल्याला दोष वाटतो का? 'लढाया कमी, संवाद जास्त' हे कुणासाठी आमंत्रणच असतं. नंतर दोन डीएनएफ, टक्केवारीसकट. मग दुसऱ्या भागाला तारे देणाऱ्यांची संख्या. शेवटी शेवटच्या भागाची पट्टी, पण मतं मात्र उघडू नका. रहस्यभेद झाकलेला असतो असं नाही. आशयाची चौकशी करायची असेल तर ती वाचणाऱ्याऐवजी आईने किंवा दादाने करावी. आणि हो, मालिका पूर्ण झाली आहे का ते बघा. तिसऱ्या भागाची तीन वर्षं वाट बघणाऱ्यांचा राग दुसऱ्या भागाच्या ताऱ्यांत उतरलेला असतो.

मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाने एक चाचणी वेगळी करावी, कारण ती इंग्रजी मतांत सापडणार नाही. मोफत मिळणारा नमुना उघडून मधलं एखादं पान वाचा. पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. त्यात पाचपेक्षा जास्त शब्द अडले, आणि ते बनावट जादुई नावांखेरीजचे असले, तर हे पुस्तक सध्या दमवेल. 'भाषा सोपी आहे' असं म्हणणाऱ्याची ती मातृभाषा असते, हे विसरू नये. वेळेचा हिशेबही तसाच वेगळा. एक लाख शब्दांचं पुस्तक मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने आठ तास वीस मिनिटांत होतं. १२० च्या वेगाने जवळपास चौदा तास. चार भागांचे छप्पन तास. रोज दोन तास धरले तर अठ्ठावीस दिवस, म्हणजे मेच्या सुट्टीत मालिका बसते, दुसऱ्या भागात अडकलं नाही तर.